हत्तीरोगाच्या गोळ्या देता, मग सांडपाणी प्रकल्प बंद का?

महोदय,

पवनी तालुक्यातल्या आमच्या गावचा सांडपाणी प्रकल्प गेल्या वर्षीपासून बंद पडला आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. आजूबाजूच्या गावांतही थोड्याफार फरकाने हीच गत आहे आणि एका सरपंचावर खापर फोडून काही साधणार नाही.

रचना साधी आहे. नालीचे पाणी जाळीतून टाक्यात येते, गाळ खाली बसतो, वरचे पाणी मोटरने गिट्टीच्या वाफ्यात जाते. वाफ्यात कर्दळ लावलेली. गिट्टीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू घाण खातात आणि बऱ्यापैकी निवळलेले पाणी बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यात, सुटते. परवा जाऊन पाहिले. जाळीत पन्न्या आणि गुटख्याच्या पुड्यांचा गच्च बोळा, टाके काठापर्यंत गाळाने भरलेले. गिट्टीवर साबणाचा आणि राखेचा असा थर बसला आहे की काठी टोचली तरी आत जाईना. बिल थकले म्हणून वीज तोडलेली. पाणी बाहेरून वळून थेट बोडीत जाते. त्याच बोडीवर बायका कपडे धुतात.

मी आरोग्य सेवक म्हणून नोकरी केली. हत्तीरोगाचे जंतू रक्तात रात्री सापडतात, म्हणून आम्ही लोकांना झोपेतून उठवून बोटाला सुई टोचायचो. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा या रोगाचा जुना पट्टा. तो पसरवणारा क्युलेक्स डास साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. पाय एवढे सुजलेले की धानाच्या रोवणीला बांधीत उतरता येत नाही, अशी माणसे मी पाहिली आहेत. शासन मोहीम काढून डीईसी, अल्बेंडाझोलच्या गोळ्या देते, आशाताई दारोदार फिरून समोर गिळायला लावतात. आणि गावाच्या टोकाला आम्हीच डास पोसतो! हे मला सहन होत नाही.

स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी दरडोई २८० रुपये ठरले. दोन हजार वस्तीला ५ लाख ६० हजार. एवढ्यात बांधकाम होते. पण रोज जाळी साफ करणाऱ्या माणसाची मजुरी आणि महिन्याचे बिल कोणी धरलेच नाही. दुसरीकडे जलजीवनमध्ये माणशी ५५ लिटर नळाचे पाणी द्यायचे आहे, म्हणजे दिवसाला १ लाख १० हजार लिटर. त्यातले बहुतेक नालीतच येणार. शोषखड्डे करा, असे सांगतात. हलक्या खरडी जमिनीत चालतील, आमची काळी चिकट कन्हार जमीन पावसाळ्यात पाणी पीतच नाही.

जिल्हा परिषदेने बंद प्रकल्पांची गावनिहाय यादी जाहीर करावी. एक माणूस आणि विजेचे बिल, एवढी तरतूद ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात असल्याशिवाय नव्या प्रकल्पाला मंजुरी देऊ नये. जिथे उतार आहे तिथे मोटरची भानगडच नको. पाणीपट्टीसोबत थोडे सांडपाणी शुल्क घ्या, मी पहिला भरीन. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय मांडणारच आहे. निदान टाक्यातला गाळ तरी मे महिन्यातच उपसावा. रोवणी लागली की मजूर मिळणार नाहीत.

— एक निवृत्त आरोग्य सेवक, ता. पवनी, जि. भंडारा