सायलीस पत्र : व्हिडिओला 'नाही' म्हणताना

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "बघू" म्हणालो. त्या "बघू"चा अर्थ तुझ्या आईला लगेच कळला, तुला कळला नसेल म्हणून लिहितो आहे. 15 जानेवारीच्या सेनादिनाला माझ्यावर व्हिडिओ करायची तुझी कल्पना वाईट नाही. पण कॅमेऱ्यासमोर मी बसणार नाही.

तुझ्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं की फौजेत पुजारी असतो. कसं असणार? गावात माझा सत्कार झाला तेव्हाचा फ्लेक्स आठवतो ना? फ्लेक्सवाल्याने माझ्या फोटोत परस्पर रायफल घातली होती. फौजी म्हटल्यावर हातात काहीतरी हवंच, असं त्याला वाटलं असणार. मी काही बोललो नाही, पण तुझी आई आठवडाभर हसत होती.

निदान तू तरी चुकीचं लिहू नकोस. कागदावर आमचं पद रिलिजियस टीचर, जवानांच्या तोंडी पंडितजी. भरती थेट नायब सुभेदार म्हणून होते, म्हणजे जेसीओ, जवान आणि अधिकारी यांच्या मधला हुद्दा. पदवी लागते, शिवाय पंडिताला संस्कृतातली शास्त्री किंवा आचार्य, नाहीतर कर्मकांडाचा डिप्लोमा. शिखांचे ग्रंथी, मौलवी, पाद्री हेही असेच येतात आणि लडाख स्काउट्स या रेजिमेंटसाठी बौद्ध भिक्षूही. शरीराची परीक्षा कुणालाच सुटत नाही, 1600 मीटर 8 मिनिटांत पळावं लागतं. मंत्र म्हणून दम टिकत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. मग प्रशिक्षणाला पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत सगळे एकत्र. माझ्या खोलीत एक ग्रंथी होते. पहाटे त्यांचा पाठ आणि माझं स्नान एकाच वेळी, त्यामुळे अर्धं जपजी, म्हणजे त्यांची सकाळची प्रार्थना, मला बादलीच्या आवाजात पाठ झालं.

लोकांना आम्ही दिसतो ते एकाच दिवशी, कसम परेडला. बेळगावला मराठा रेजिमेंटच्या सेंटरमध्ये रंगरूट, म्हणजे नवे जवान, शपथ घेतात तेव्हा धर्मग्रंथ हातात घेऊन आम्ही समोर असतो. आईबाप मंडपात रडत असतात, मुलगा ताठ उभा असतो. पंधरावीस मिनिटांचा खेळ. त्यानंतर तोच मुलगा माझ्याकडे येतो तो कधी मुलगी झाली म्हणून पेढा घेऊन, कधी रजा नामंजूर झाली म्हणून, तर कधी पायरीवर नुसताच बसायला.

कामाच्या यादीत पूजा आणि प्रवचन तर आहेच. पण दवाखान्यात पडलेल्यांना भेटणं, शिक्षा भोगणाऱ्याकडे जाणं, अंत्यविधीला हजर राहणं हेही लिहिलेलं आहे. माझी नोकरी खरी तिथे झाली. एक पोरगा होता, एक पाय गेलेला. तीन दिवस मी त्याच्या खाटेशी बसून आलो, गीता पिशवीतून काढलीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी तो बोलायला लागला तो तासभर. काय बोलला ते तुझ्या आईलाही मी सांगितलेलं नाही. तुझ्या व्हिडिओत लोकांना नेमकं तेच ऐकायचं असणार.

सियाचीनच्या बेस कॅम्पला ओ.पी. बाबाचं स्थान आहे, जवान त्याला आपला राखणदार मानतात. वर जाणारी तुकडी तिथे रिपोर्ट देऊन निघते आणि उतरली की पुन्हा देते. बाबापुढे कुणी कुणाला धर्म विचारत नाही. टिळा लावताना मी डोकी मोजायचो, परत आल्यावर पुन्हा मोजायचो. मोजणी माझं काम नव्हतं.

तू मंदिर परेडच्या निकालाबद्दलही विचारलंस. जवान आणि त्यांचे साहेब मिळून देवळात जमतात ती ही परेड. इतकी वर्षं ती बाहेर कुणाला ठाऊक नव्हती, दिसली ती कोर्टामुळे. एका ख्रिस्ती अधिकाऱ्याने जवानांबरोबर गाभाऱ्यात जायला नकार दिला, बडतर्फ झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी कायम ठेवली. जवान आपल्या साहेबाकडे डोळे लावून असतो, त्यामुळे साहेब दिसले नाहीत की त्याला लागतं, हे खरं. पण आमच्याकडे एक साहेब आरती संपेपर्यंत बूट काढून दाराशी उभे राहायचे. आत कधी आले नाहीत. त्या दारातल्या उभं राहण्यावर कुणी बोट ठेवल्याचं मला आठवत नाही. कायद्याचं मला कळत नाही, मी त्या दाराबद्दल बोलतो आहे.

आणि तू पाठवलेली ती अमेरिकेच्या चार धर्मगुरूंची गोष्ट दोनदा वाचली. 3 फेब्रुवारी 1943, ग्रीनलंडजवळ डॉर्चेस्टर जहाजावर टॉर्पेडो आदळला. दोन प्रोटेस्टंट, एक कॅथलिक, एक ज्यू. लाइफ जॅकेटं संपली तेव्हा चौघांनी आपापली काढून दिली आणि हातात हात घालून प्रार्थना म्हणत बुडाले. 1948 मध्ये त्यांचं टपाल तिकीटसुद्धा निघालं. तू म्हणालीस, बघा, त्यांचं जगाला कळलं. अगं, त्यांनी कुठे सांगितलं? जहाजावर नऊशेच्या वर माणसं होती, त्यांतली 230 वाचली, त्यांनी सांगितलं. माझ्याबद्दल कुणाला सांगावंसं वाटलं तर त्या खाटेवरच्या पोराने सांगावं. तो आता कुठेतरी संसाराला लागला असेल, आणि नाही सांगितलं तरी माझी तक्रार नाही.

जिनिव्हा कराराचं मात्र जरूर घे, ते कुणी सांगत नाही. 1949 च्या करारात धर्मगुरूला डॉक्टरच्या रांगेत बसवलं आहे. त्याच्यावर हल्ला करायचा नाही, शत्रूच्या हाती लागला तरी त्याला युद्धकैदी मानायचं नाही, कैदेतल्या आपल्या माणसांचं काम त्याला करू द्यायचं.

फोटो हवाच असेल तर माझ्या ट्रंकेत, वरच्या कप्प्यात, कसम परेडचा एक आहे. रंगरूटाचा चेहरा झकास आला आहे. माझे गीता धरलेले दोन हात तेवढे आलेत, मान आणि डोकं कापलं गेलं आहे. तो वापर.

आई डिंकाचे लाडू पाठवते आहे. मागच्या वेळचा डबा अजून आलेला नाही.

तुझे
बाबा