निश म्हणजे राहायची जागा नव्हे, आणि कोनाडा तर नाहीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परिसंस्थेवरचा लेख वाचला. लेख चांगला होता, चित्रं पण छान होती, पण मध्येच एका चौकटीत ‘निश म्हणजे सजीवाचं राहण्याचं ठिकाण’ असं छापलंय आणि पुढे कंसात ‘पर्यावरणीय कोनाडा’ (निश हा इंग्रजीतला niche, त्याचा एक अर्थ भिंतीतला कोनाडा, त्यावरून). मी शास्त्रज्ञ वगैरे नाही, पण बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय आणि हीच चूक पेपर तपासताना इतक्या वेळा लाल पेनने खोडलीय की आता छापून आलेली बघून गप्प बसवेना.

राहण्याचं ठिकाण म्हणजे अधिवास, त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे. निश म्हणजे त्या ठिकाणी राहून तो जीव काय करतो, काय खातो, त्याला कोण खातं, किती ऊन-ओल त्याला चालते, दिवसा फिरतो का रात्री, कोणाशी भांडतो, कोणाच्या जिवावर जगतो, हे सगळं मिळून. हचिन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने 1957 साली हे फार नेमकं मांडलं. तापमानाची एक पट्टी धरा, ओलाव्याची दुसरी, खाण्याच्या आकाराची तिसरी, अशा कितीही पट्ट्या घ्या, आणि प्रत्येक पट्टीवर तो जीव कुठपासून कुठपर्यंत तग धरतो ते बघा, तो सगळा मिळून जो आवाका होतो ती निश. आता हे कोनाड्यात कसं बसवणार? कोनाड्यातला दिवा उचलला तरी कोनाडा भिंतीत राहतोच, दुसरं काहीही ठेवा. निशचं तसं नाही, ती त्या जिवाशी बांधलेली असते.

लांब कशाला, माझ्या खिडकीतल्या कुंडीतला गुलाबच घ्या. झाड एकच, म्हणजे तुमच्या चौकटीप्रमाणे सगळ्यांची निश एकच व्हायला हवी, हो ना? पण कोवळ्या शेंड्यावर मावा बसलाय तो रस ओढतो, त्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनं अगदी कमी, म्हणून त्याला ढीगभर रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर तो मागून थेंब थेंब टाकून देतो. ते थेंब चाटायला मुंग्या येतात. खालच्या पानांवर जे थेंब पडतात त्यावर काळी काजळीसारखी बुरशी धरते, ती झाड खात नाही, नुसती त्या साखरेवर जगते. ढालकिडा मावा खायला येतो तर मुंग्या त्याला अक्षरशः हाकलतात, मी भिंग घेऊन बघितलंय, एक मुंगी त्याचा पाय धरून ओढत होती. मग मी खोडाला चिकट पट्टी गुंडाळली, मुंग्यांचा रस्ता बंद झाला, आणि आठ-दहा दिवसांत ढालकिड्याच्या अळ्यांनी शेंडे साफ केले. माव्याची जागा, ऊन, पाणी काहीच बदललं नव्हतं, फक्त एक शेजारी गेला.

आता कुणी म्हणेल, शब्दाचा कीस कशाला पाडता, मुद्दा कळला की झालं. पण या गोंधळाची किंमत खरंच मोजली गेलीय आणि ती गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचो. इंग्लंडमध्ये लार्ज ब्ल्यू नावाचं निळं फुलपाखरू आहे. ते कमी होत चाललं तेव्हा सगळ्यांनी बोट दाखवलं ते फुलपाखरं पकडून संग्रह करणाऱ्यांकडे, काही ठिकाणी जागा राखून कुंपणं पण घातली. जागा वाचली, फुलपाखरू तरी कमीच होत गेलं. जेरेमी थॉमस यांनी 1970च्या दशकात तिथे बसून अक्षरशः गवताच्या पात्यांपर्यंत निरीक्षण केलं तेव्हा भानगड कळली. या फुलपाखराची मादी थाईम नावाच्या सुवासिक रानझुडपाच्या कळ्यांवर अंडी घालते, अळी थोडे दिवस फुलं खाते आणि मग जमिनीवर पडते. तिथे एक लाल मुंगी तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात घेऊन जाते आणि ही बया आत बसून महिनोन्महिने मुंग्यांचीच पिल्लं खाते! आणि मुंगी पण कुठलीही चालत नाही, मर्मिका सॅब्युलेटाय हीच हवी, दिसायला तशीच दुसरी असली तर अळी बहुतेक वेळा मरते. या मुंगीला लागते उबदार जमीन, आणि जमीन उबदार कधी, तर गवत अगदी बुटकं असेल तेव्हा. गवत बुटकं ठेवायचे ससे आणि चरणारी गुरं. 1953 साली मिक्सोमॅटोसिसचा रोग आला, ससे धडाधड मेले, चराई पण कमी झालेली, वर कुंपणाने गुरांनाही बाहेरच ठेवलं. गवत वाढलं, सावली पडली, माती जराशी गार झाली, तेवढ्यावर ती मुंगी हटली आणि दुसरी आली. थाईम होतं, टेकडी होती, लांबून बघणाऱ्याला सगळं हिरवंगार दिसत होतं. 1979 साली फुलपाखरू ब्रिटनमधून संपलं. कारण कळलं होतं पण उशीर झाला होता. मग चराई परत सुरू करून 1983 पासून स्वीडनमधून आणून सोडली, ती तगली.

आणखी एक. आपण जिथे एखादा जीव बघतो तेवढीच त्याची कुवत असं पण नसतं. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या छोट्या कवचाच्या समुद्री प्राण्याच्या दोन जाती बघितल्या, 1961 साली ते काम छापून आलं. थॅमॅलस वरच्या कोरड्या पट्ट्यात, बॅलॅनस खालच्या ओल्या पट्ट्यात, जणू रेघ मारलीय. त्यांनी खालचे बॅलॅनस खरवडून काढले तर थॅमॅलस खाली पण आरामात जगला. म्हणजे त्याला खालचं पाणी मानवत नव्हतं असं नाही, बॅलॅनस भराभर वाढून त्याला चेपून, उचकटून टाकत होता. उलट बॅलॅनसला वर जागा मोकळी असली तरी जमत नाही, ओहोटीत वाळून मरतो. एकाला शेजाऱ्याने अडवलं, दुसऱ्याला उन्हाने. तुमच्या चौकटीत हा फरक बसतच नाही.

शाळेत आम्ही ‘अधिवास म्हणजे पत्ता आणि निश म्हणजे व्यवसाय’ असं सांगायचो, ते तुमच्या चौकटीपेक्षा बरं, पण तेही अर्धंच आहे असं मला हल्ली वाटतं. गांडूळ घ्या. ते मातीत नुसतं कामाला जात नाही, ती माती तेच बनवतं, बिळं करतं, पाणी-हवा आत सोडतं, खालची माती वर आणतं. डार्विनने आयुष्याच्या शेवटी, 1881 साली, गांडुळांवरची त्याची निरीक्षणं छापली ती याचसाठी वाचावीत. नोकरीला लागणारा माणूस ऑफिसची इमारत स्वतः खणून बांधत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा. आणि प्रतिशब्दाचा फार अट्टहास नको, निश असंच लिहा, टेबल आणि पेन आपण पचवलेच ना, मग हा एक का जड जावा?

आपला,
एक निवृत्त शिक्षक

ता.क. खोडावरची पट्टी वाळून सुटलीय, काल संध्याकाळी मुंग्यांची रांग परत वर जाताना दिसली. शेंड्यावर मावा अजून नाहीये, तरी चालल्यात.