अण्णांचा डबा आणि तुझा चिंचेचा कोळ

प्रिय बंड्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, त्याबद्दल काय बोलायचं ते मनातल्या मनात बोलून घे. गुडघा आहे तसाच. आता मुद्द्याचं. अण्णांच्या डब्यातल्या नाण्यांचा फोटो पाहिला आणि पोटात गोळाच आला. शिवराया चिंच-मिठाने घासल्यास? अरे, ती काय देवाची उपकरणी आहेत?

शिवराई म्हणजे शिवकाळापासूनचं तांब्याचं नाणं. इतक्या वर्षांत तिच्यावर चढलेला तपकिरी थर हीच तिची कातडी. चिंचेचं आम्ल ती सोलून काढतं, आणि आधीच झिजलेलं 'श्री राजा शिव' आणखी बोथट होतं. मीठ त्याहून वाईट. त्यातलं क्लोराइड धातूच्या बारीक खड्ड्यांत दडून बसतं आणि दमट हवा लागली की हिरवट भुकटी फुटते. पुसली तरी परत येते. रत्नागिरीच्या पावसात तर विचारूच नकोस. तेव्हा घासलेली तेवढी काचेच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेव, पाणी रोज बदल, असं दोन-तीन आठवडे. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. मग टिपकागदाने टिपून पंख्याखाली पूर्ण सुकव. चोळू नकोस! कॅरममध्ये क्वीन खिशात घालणाऱ्याचा हात मला माहीत आहे.

उरलेल्यांना शिवूही नकोस. काळवंडलेल्या नाण्याला संग्राहक दाम मोजतो, लखलखीत शिवराई पाहिली की नाक मुरडतो.

दुसरं, तो अल्बम. पानांना नव्या रेनकोटचा वास येतो ना? म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक. ते मऊ ठेवायला घातलेलं द्रव्य हळूहळू पाझरतं आणि नाण्यावर चिकट हिरवा थर धरतो. तो पाण्याने जात नाही. शुद्ध ॲसिटोन लागतं (वहिनींचं नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात रंग आणि सुगंध असतो). काचेच्या वाटीत पाच-दहा मिनिटं बुडवायचं, मग ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा विसळायचं. खिडकी उघडी, गॅस बंद. नंतर नाणी मायलारच्या (पारदर्शक, निर्धोक प्लास्टिकच्या) खिडकीवाल्या पुठ्ठ्यांत घाल आणि स्टेपलरच्या पिना पक्कडीने चपट्या कर, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे पडतात. पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयांना रबरबँड लावू नकोस, खाली लोकरी फेल्टही नको. दोन्हींतल्या गंधकाने चांदी काळी पडते. चांदी कुठली, ही शंका असेल तर लोहचुंबक लाव. १९४७चा रुपया निकेलचा, तो चिकटतो.

आणि नाण्यांचं कपाट समुद्राकडच्या भिंतीवर? तू आणि तुझा सुतार! ती चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत, पावसात पाझरणारच. खात्री करायची तर दोन फूट चौरस प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस भिंतीवर ठेव. भिंतीकडच्या बाजूने घाम आला तर ओल भिंतीतली. मधल्या भिंतीवरच लाव, तेही मागे अर्ध्या इंचाची पट्टी ठोकून, हवा खेळू दे.

चिरा ठिसूळ, म्हणून ड्रिलचं हॅमर बंद ठेव. गिट्टी दहा मिलिमीटरची, लांबी तीन इंच. प्लास्टरमध्येच अडकलेली गिट्टी कपाटासकट हातात येते. भोक गिट्टीपेक्षा सेंटिमीटरभर खोल घे, आतली धूळ फुंकून काढ. पोकळी लागली तर सिमेंट भरून आठवडाभर थांब, मग पुन्हा पाड. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक नको, वायर तिथूनच जाते.

वजनाचा अंदाज घे. जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे शंभराचे सव्वा किलोच्या आसपास. प्लाय ७१० ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा घे, आतून लॅमिनेट. नव्या प्लायच्या डिंकाचा वास जाईपर्यंत, म्हणजे महिनाभर तरी, दारं उघडी टाक. ती वाफ नाण्यांना बाधते. तोवर डबाच बरा, त्यात सिलिका जेलची पुडी टाक. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवायची, पुन्हा चालते.

नया पैसे लावताना सालाखाली टांकसाळीची खूण बघ: साधा हिरा दिसला तर मुंबई, मधे चिरलेला किंवा ठिपक्याचा हिरा असला तर हैदराबाद, काहीच नसलं तर कलकत्ता. अण्णांनी त्यासाठीच एकाच सालाचे तीन-तीन ठेवले असणार, तू त्यांना 'डबल' म्हणून वाटायला निघालायस!

पमीच्या बदलीचं कळलं, बरं झालं. घराचा हप्ता संपला का? चिंचेचा कोळ उरला असेल तर आमटीत घाल.

तुझा,
दिल्या