केंद्रकावरचा ताण

पंचवटी, नाशिक

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र वाचल्यापासून मी त्याच विचारात आहे. तुझ्याकडे व्यायामोपचारासाठी येणाऱ्या त्या मुलाच्या कोपरांचे आणि टाचांचे स्नायू आखडत चालले आहेत, हृदयाचे ठोके अनियमित झाले आहेत, आणि तपासणीत दोष निघाला तो लॅमिन ए या प्रथिनाच्या जनुकात. हे प्रथिन शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींच्या केंद्रकात असते, मग खोट उमटते ती नेमकी स्नायूंत आणि हृदयातच का, असे तू विचारले आहेस. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर शोधताना केंद्रकाकडे माहितीचे कोठार म्हणून न पाहता, ज्याच्यावर सतत ओढ आणि दाब पडतो अशी वस्तू म्हणून पाहावे लागते.

पाठ्यपुस्तकांत केंद्रक हुकूम देताना दिसते. त्याच्यावर बाहेरून काय काय येऊन आदळते, याबद्दल मात्र ती फारसे बोलत नाहीत. साधारण ५ ते १० मायक्रॉन व्यासाचे हे केंद्रक भोवतालच्या पेशीद्रवापेक्षा बरेच कडक असते. त्याच्या आतल्या पटलाला लागून लॅमिन प्रथिनांची दाट जाळी असते. त्या पटलातली सन नावाची प्रथिने या जाळीला जोडलेली असतात, बाहेरच्या पटलातली नेस्प्रिन प्रथिने पेशीतल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंना धरून असतात, आणि दोन पटलांमधल्या फटीत या दोघांची गाठ पडते. अ‍ॅक्टिनचे तंतू पुढे पेशीच्या कडेला इंटेग्रिन नावाच्या प्रथिनापर्यंत जातात आणि इंटेग्रिन बाहेरच्या ऊतीला घट्ट पकडून असते. आपल्याकडच्या द्राक्षबागेत मांडवाची एक तार कडेला ओढली की चार ओळी पलीकडचा वेल हलतो, तसाच हा प्रकार आहे. १९९७ मध्ये पेशीजीवशास्त्रज्ञ डोनाल्ड इंगबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटेग्रिनला चिकटवलेले सूक्ष्म मणी काचेच्या बारीक नळीने ओढले, तेव्हा दूरवरचे केंद्रक ओढीच्या दिशेने लांबले आणि त्यातली केंद्रिका, म्हणजे केंद्रकाच्या आतला दाट ठिपका, तीही त्याच रेषेत सरकली. पेशीच्या कडेला दिलेला हिसका थेट गुणसूत्रांच्या घरात पोहोचतो, हे त्या प्रयोगात डोळ्यांनी दिसले.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. २०१३ मध्ये डेनिस डिशर यांच्या गटाने निरनिराळ्या ऊतींची तुलना करून दाखवले की ऊती जितकी ताठ, तितके तिच्या केंद्रकांत लॅमिन ए अधिक. मेंदूसारख्या मऊ ऊतीत ते कमी असते, तर स्नायू आणि हाडांत भरपूर. म्हणजे जिथे ताण रोजचा आहे, तिथेच या प्रथिनावर खरी भिस्त असते. हृदय तर दिवसाला सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. जाळी कमकुवत असेल तर अशा ठिकाणी केंद्रकाचा आकार बिघडतो आणि प्रसंगी पटल फाटतेही. अरुंद फटीतून जाताना पेशींचे केंद्रक फुटते, पेशी ते सांधते, तरीही डीएनएला इजा होऊ शकते, हे २०१६ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले.

पण सगळे खापर फाटण्यावर फोडणे मला पटत नाही. केंद्रक ताणले गेले की त्याच्या पटलावरची छिद्रेही ताणली जातात आणि वाय.ए.पी.सारखी, जनुके चालू करण्यात भाग घेणारी प्रथिने अधिक सहज आत शिरतात. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत पूर्वी काम केलेल्या जी. व्ही. शिवशंकर यांच्या गटाने पेशींना वेगवेगळ्या आकारांत पसरायला लावले, तेव्हा कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, हेही आकारानुसार बदलले. त्यामुळे त्या मुलाच्या स्नायूंत केंद्रके दुखावत असतील, तशीच ताणाची वर्दी चुकीची पोहोचून भलतीच जनुके चालू राहत असतील. यातला कोणता वाटा मोठा, यावर अभ्यासकांचे अजून एकमत झालेले नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण मी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो. लीशमन रंग दिलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशीचे जांभळे केंद्रक तीन-चार खंडांत विभागलेले आणि मध्ये दोऱ्याइतक्या बारीक धाग्यांनी जोडलेले दिसते. त्यात लॅमिन ए अगदी कमी असते. असे लवचिक केंद्रक असल्यामुळेच ही पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढत जखमेपर्यंत पोहोचते. तिचे आयुष्य थोडे, तेव्हा मऊपणाची किंमत तिला परवडते. वर्षानुवर्षे टिकायच्या स्नायूतंतूला ती परवडत नाही.

या आजारात हातापायांची ताकद बरी असतानाही हृदयाच्या ठोक्यांत गंभीर बिघाड होऊ शकतो. त्या मुलाची ईसीजी तपासणी नियमित होते का, हे त्याच्या घरच्यांना आवर्जून विचार. लॅमिन ए चा दोष आईवडिलांपैकी एकाकडून आलेला असू शकतो, म्हणून त्या दोघांची आणि भावंडांचीही तपासणी हृदयरोगतज्ज्ञांकडून करून घ्यायला सांग. अहवाल आले की कळव.

तुझा,
सदानंद