लाटांसाठी म्हणून विकलेल्या काइटबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘लाटांसाठीही उत्तम’ असे सांगून विकलेला १२ चौरस मीटरचा काइट लाटांत निरुपयोगी ठरल्याबाबत व वॉरंटी नाकारल्याबाबत.

महोदय,

यंदाच्या हंगामाच्या सुरुवातीला मी आपल्या संकेतस्थळावरून काइटसर्फिंगसाठी, म्हणजे बोर्डवर उभे राहून मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर धावण्यासाठी, १२ चौरस मीटरचा, पाच स्ट्रटचा (स्ट्रट म्हणजे कापडाला आकार देणारी हवा भरलेली नळी) काइट आणि त्याचा बार (दोऱ्यांना जोडलेला, हातात धरायचा दांडा) मागवला. दोन्हींचे मिळून दीड लाखाच्या वर रुपये मोजले. पावती, आपल्या विक्री प्रतिनिधींशी झालेला ईमेलव्यवहार आणि फाटलेल्या कापडाचे फोटो सोबत जोडले आहेत.

या काइटच्या पानावर आपण लिहिले आहे की फ्रीराइड (पाण्यावरची साधी मोकळी सैर), मोठ्या उड्या आणि लाटा या सगळ्यांसाठी हा एकच काइट पुरेसा आहे. एप्रिलमध्ये तो लाटेत फाटला, तेव्हा आपल्या वॉरंटी विभागाने कळवले की फुटणाऱ्या लाटांत वापरल्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. माझी तक्रार या दोन वाक्यांबद्दल आहे. विकताना लाटा चालतात आणि भरपाई द्यायची वेळ आली की लाटा हा गैरवापर ठरतो, हे मला मान्य नाही.

मी कोल्हापुरात राहतो. इथे काइट हाताळून, उडवून बघून घ्यायची सोय नाही. रंकाळ्यावर वारा असतो, पण इमारती आणि झाडांवरून येणारा तो वारा झटक्याझटक्याने येतो आणि काठावर माणसांची वर्दळ असते. वीस-बावीस मीटर दोऱ्यांचा काइट तिथे उडवणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. आम्ही काही मित्र आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरून, सावंतवाडीमार्गे गोव्यात मोरजिम-अश्वेमला जातो. सामान मात्र घरी बसून, वाचून, विचारून मागवावे लागते. विक्रेत्याने लिहिलेले वाक्य हाच आमच्यासाठी एकमेव आधार असतो, आणि म्हणून त्या वाक्याची किंमत आमच्या लेखी फार मोठी आहे.

ऑर्डर देण्याआधी मी आपल्याला सगळे सविस्तर लिहिले होते. वजन ७८ किलो. वारा दुपारनंतरचा खारा, वायव्येकडून, बहुतेक वेळा १४ ते १८ नॉट (ताशी सुमारे २६ ते ३३ किमी). बोर्ड पायपट्ट्या नसलेला सर्फबोर्ड. आणि शेवटी ठळक अक्षरांत : मला उड्या मारायच्या नाहीत, लाट पकडून तिच्यावर वळणे घ्यायची आहेत. यावर दोन ओळींचे उत्तर आले. काइटच्या आकाराच्या तक्त्याप्रमाणे आपल्याला १२ मीटर लागेल आणि हे मॉडेल लाटांतही सुरेख चालते, एवढेच.

ते चालत नाही. का चालत नाही ते मी नीट मांडतो, कारण आपल्या वॉरंटी विभागाच्या उत्तरावरून हा मुद्दा तिथे कुणी विचारातच घेतलेला दिसत नाही.

एकदा लाट मिळाली की बोर्डला पुढे नेण्याचे काम मुख्यतः लाट करते, काइट नाही. अश्वेमचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि वारा वायव्येचा, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे तिरका. लाटाही किनाऱ्याकडेच येतात. त्यामुळे लाटेच्या उतारावरून खाली येताना माणूस काइटच्या दिशेने जात असतो आणि दोऱ्या ढिल्या पडतात. त्या ढिल्या क्षणात काइट काय करतो, यावरच तो लाटांचा आहे की नाही हे ठरते. कागदी पतंगाला ढील दिली की तो जसा वाऱ्याबरोबर मागे सरतो पण हवेतच राहतो, तसे लाटांच्या काइटने वागायला हवे. यालाच काइटवाले ड्रिफ्ट म्हणतात. त्यासाठी असे काइट बहुधा तीन स्ट्रटचे, वजनाला हलके आणि फार लांबट नसलेले करतात. ते विंडोच्या (वाऱ्यात काइट उडू शकतो त्या पट्ट्याच्या) अगदी कडेला न जाता जरा आत बसतात, जागच्या जागी चटकन वळतात आणि बार पुढे सोडला की त्यांची ओढ लगेच उतरते.

आपण पाठवलेला काइट उलट स्वभावाचा आहे. लांबट, निमुळत्या टोकांचा, पाच स्ट्रटचा. तो विंडोच्या कडेला पार पुढे जाऊन बसतो. त्यामुळे वाऱ्याच्या विरुद्ध वर चढायला सोपे जाते आणि उडी घेतली की माणूस हवेत जास्त वेळ तरंगतो. सपाट पाण्यावर तो फारच छान आहे आणि हे मी मोकळेपणाने लिहितो : माझ्या मित्राने खाडीच्या शांत पाण्यात तो वापरला आणि खूश होऊन परत आणला. पण हे सगळे गुण दोऱ्यांवर ताण असेपर्यंतचे आहेत. ताण गेला की तो आणखी पुढे धावतो, कापडाच्या पोटात लागणारा वारा पाठीवर लागतो, पुढची कड खाली झुकते आणि काइट गोता खाऊन पाण्यात पडतो. आपल्या माहितीपत्रकात या मॉडेलला शर्यतीच्या काइटचा वारसा असल्याचे अभिमानाने सांगितले आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइटच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या, त्या मार्सेच्या समुद्रात, आणि तिथले काइट याहूनही लांबट होते. शर्यतीत दोऱ्या कायम ताणलेल्या असतात. तो वारसा लाटेत उपयोगाचा नाही, हे काइट विकणाऱ्याला माहीत असायला हवे.

एप्रिलमध्ये काय झाले ते थोडक्यात सांगतो. छातीएवढ्या लाटेवर मी खाली वळलो, दोऱ्या ढिल्या झाल्या आणि काइट माझ्या पुढे फेसाळ पाण्यात पडला. एक दोरी पोटरीभोवती आली. मागून येणारी लाट काइटवर चढली, कापडात पाणी भरले आणि ओढ एकदम वाढली. मी बारवरचा रिलीज (काइटची ओढ तोडणारी आपत्कालीन कळ) दाबला, तो लगेच सुटला, पोटरीवरची दोरी सैल झाली. त्याबद्दल आपल्या बारला मी पूर्ण गुण देतो. तोवर मागच्या कडेपासून स्ट्रटपर्यंत कापड फाटले होते. आधीच्या खेपांनाही काइट असाच पडत होता, फक्त लाटा लहान होत्या म्हणून निभावले. त्याबद्दल मी तेव्हाच लिहिले होते. बार जास्त ओढून दोऱ्या ताणलेल्या ठेवा, असे उत्तर आले. दोऱ्या सतत ताणलेल्या ठेवायच्या म्हणजे काइटला सतत फिरवत राहायचे, त्याची ओढ अंगावर घ्यायची आणि लाट सोडून द्यायची. मग सर्फबोर्ड कशाला घ्यायचा?

पडलेला काइट पुन्हा उठवण्याचा प्रश्न वेगळाच आहे. हवा भरायच्या काइटचे पेटंट फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये घेतले, ते पाण्यात पडलेला काइट पाण्यातूनच परत उडवता यावा यासाठी. सपाट पाण्यात तुमच्या हातात वेळ असतो. लाटांत पुढची लाट येईपर्यंत मोजके सेकंद मिळतात. तेवढ्यात काइट कडेला लोळून उठला नाही तर लाट त्याला चिरडणारच. हा १२ मीटरचा लांबट काइट पाण्यावर पालथा पडला की तसाच पडून राहतो. उशिरा उठणारा काइट लाटांसाठी म्हणून विकणे मला धोक्याचे वाटते.

आता आपल्या तक्त्याबद्दल. तो फक्त वजन आणि वारा विचारतो. वजनाला वाऱ्याच्या वेगाने भागून सुमारे २.२ ने गुणायचे, हा ढोबळ हिशेब सगळीकडे चालतो. ७८ किलोला १६ नॉटमध्ये तो पावणेअकरा मीटरच्या आसपास येतो, १४ नॉटला सव्वाबारा. आपल्या तक्त्याने मी दिलेल्या वाऱ्याचे सगळ्यात खालचे टोक धरले. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. १४ नॉटला बेताचा वाटणारा काइट १८ नॉटला दीडपटीहून अधिक ओढतो. शिवाय हा हिशेब मुळात ट्विनटिप बोर्डाचा, म्हणजे दोन्ही टोके सारखी असलेल्या सपाट बोर्डाचा. सर्फबोर्ड जास्त तरंगतो, लाट त्याला ढकलते, म्हणून त्याच वाऱ्यात काइट लहान लागतो. आणि लहान काइट वळतोही चपळाईने. लाटेच्या तळाशी आपण वळलो की काइटही त्याच लयीत फिरायला हवा, ते १२ मीटरच्या सुस्त काइटकडून होत नाही. मला ९ किंवा फार तर १० मीटरचा, तीन स्ट्रटचा काइट सुचवायला हवा होता.

तसा काइट आपल्याच यादीत आहे. मी विचारले त्या आठवड्यात ९ मीटरचा शिल्लक नव्हता. ‘लवकरच उपलब्ध’ अशी पाटी त्या पानावर होती. मला कुणी सांगितले असते तर मी थांबलो असतो. हंगाम मे महिन्यापर्यंत असतो, महिनाभर उशिराने काही बिघडले नसते. शिलकीत आहे ते गळ्यात मारायचे म्हणून मला १२ मीटरचा दिला गेला, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तसे नसेल तर त्या दोन ओळींच्या उत्तरामागचे कारण आपण लेखी कळवावे.

एक गोष्ट मी दावा म्हणून करत नाही, तीही नोंदवतो. कापड कच्चे होते किंवा शिलाईत दोष होता असे माझे म्हणणे नाही. पाण्याने भरलेल्या कापडावर लाट फुटली की चांगल्यातले चांगले कापड फाटू शकते. त्यामुळे उत्पादनातील दोष आढळला नाही, हे आपल्या वॉरंटी विभागाचे उत्तर माझ्या तक्रारीला लागूच पडत नाही. जे काम करतो असे सांगितले ते काम ही वस्तू करत नाही, ही माझी तक्रार आहे. बारच्या रिलीजसाठी २०२० मध्ये आयएसओ २१८५३ हे मानक आले. विक्रेता त्याची खोटी बढाई मारू शकत नाही, कारण चाचणी करून पाहता येते. ‘लाटांसाठी’ या शब्दांना तशी कोणतीही चाचणी नाही. ते कोणीही कोणत्याही काइटवर छापू शकतो. म्हणून ते छापणाऱ्याने जबाबदारीने छापले पाहिजेत.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तरतूद आहे. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे, जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची व महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. त्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या माझ्या आधीच्या दोन्ही ईमेलना पोच मिळालेली नाही.

माझी मागणी अशी आहे. फाटलेला काइट आपण आपल्या खर्चाने परत न्यावा आणि त्याऐवजी ९ चौरस मीटरचा, तीन स्ट्रटचा लाटांचा काइट द्यावा. किमतीतला फरक परत करावा. ते शक्य नसेल तर काइटची पूर्ण किंमत परत करावी. बार चांगला आहे, तो मी ठेवतो. त्याबरोबरच या मॉडेलच्या पानावरून लाटांचा उल्लेख काढावा, आणि तक्त्यात ‘कोणता बोर्ड’ आणि ‘सपाट पाणी की लाटा’ हे दोन प्रश्न वाढवावेत. या मॉडेलचे जे ग्राहक लाटांत जातात त्यांना ढिल्या दोऱ्यांत हा काइट पडतो हे ईमेलने कळवावे. पैशांपेक्षा या शेवटच्या मागणीचा मी जास्त आग्रह धरतो. आमच्या गटातला एक कॉलेजचा मुलगा, वजनाने माझ्याहून हलका, नुकताच सर्फबोर्डवर उभा राहायला शिकलेला, हाच काइट मागवणार होता. त्याने पान वाचले होते आणि त्याला ते पटले होते. मी त्याला थांबवले. ज्यांना थांबवायला जवळ कोणी नाही त्यांच्यासाठी ही सूचना आपणच द्यायची आहे.

हे पत्र मिळाल्यापासून महिन्याभरात समाधानकारक उत्तर आले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर नोंद करेन आणि कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. काइट मी धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवला आहे. आपला माणूस तपासणीला येणार असेल तर कोणत्याही रविवारी यावे, मी घरीच दाखवेन.

कळावे,

आपला ग्राहक,
(सही)
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत : पावतीची प्रत, ईमेलव्यवहार, संकेतस्थळावरील पानाची छापील प्रत, वॉरंटी विभागाचे उत्तर, फोटो.