जपानच्या बोन ओदोरीसारखा नाच ठाण्याच्या तलावपाळीवर का नको?

संपादक, स.न.वि.वि.

तीन वर्षं टोकियोत निशिकासाईला राहून परत आलेय. पहिले सहा महिने लिफ्टमधल्या नमस्कारापलीकडे कोणाशी बोलणंच नाही, जपानी येत नव्हतं ना. मग ऑगस्टमध्ये शेजारच्या आजी हात धरून बोन ओदोरीला, म्हणजे तिथल्या उन्हाळी सणातल्या सामूहिक नाचाला घेऊन गेल्या, मधे लाकडी यागुरा, म्हणजे उंच मचाण, वर ताइको ढोल, भोवती गोल करून सगळे नाचतायत, पुढच्याचे हात बघून शिकायचं, पास नाही की ओळख नाही. दुसऱ्या वर्षी मी आजींना लेझीम शिकवलं! टोकियोतल्याच कोएंजी भागात तर १९५७ पासून आवा ओदोरी या दुसऱ्या नाचात रस्ताच्या रस्ता नाचतो. आपल्याकडे मोठ्या गरब्याला पास लागतो. तलावपाळीवर एक संध्याकाळ अशी ठेवा, ठाण्यात नव्याने आलेल्यांनाही बोलवा, पालिकेपर्यंत पोचवा प्लीज.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे