रँक आणि पॅकेज यांच्या मधली चार वर्षं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जूनमध्ये आयआयटी प्रवेशासाठीच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा निकाल लागला की पेढे भरवतानाचे फोटो आणि डिसेंबरमध्ये कोटीच्या पॅकेजचा मथळा, या दोन बातम्या आपल्याकडे न चुकता छापून येतात. मधल्या चार वर्षांचं सगळं ऐकीव माहितीवर चालतं. आम्ही पवईच्या आयआयटीत शिकलेली आणि शिकवलेली काही मंडळी आहोत. दरवर्षी नवी मुलं आणि त्यांचे पालक त्याच त्या गैरसमजुती घेऊन येतात आणि त्यांची किंमत पहिल्या सत्रातच मोजतात, म्हणून हे पत्र.

सर्वात आधी एक छोटी गोष्ट. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘पात्र’ ठरणं म्हणजे आयआयटीत प्रवेश नव्हे. २०२४ मध्ये ४८,२४८ मुलं पात्र ठरली. देशातल्या २३ आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. चौकातल्या फ्लेक्सवर झळकणारी किती मुलं प्रत्यक्षात हॉस्टेलची खोली घेतात, हे यावरून कळावं.

आता मुख्य मुद्दा. ‘दोन वर्षं घास, एकदा आत गेलास की आयुष्यभर आराम’ हे वाक्य कोचिंगच्या वर्गात मुलांना इतक्या वेळा ऐकवलं जातं की ती खरोखर थकून, विश्रांतीच्या अपेक्षेनं येतात. इथला हिशोब वेगळा आहे. आयआयटी मुंबईत एक क्रेडिट म्हणजे ढोबळमानानं आठवड्याला एक तास काम. तीन व्याख्यानं आणि एक ट्युटोरियल (प्रश्न सोडवण्याचा तास) असलेला विषय आठ क्रेडिटचा: चार तास वर्गात, चार तास स्वतःच्या टेबलाशी. सत्रात साधारण ३० ते ४० क्रेडिट असतात. म्हणजे पूर्ण वेळ नोकरीइतकं काम, फक्त हजेरीचं घड्याळ निम्म्याच वेळेला लावलेलं. उरलेला निम्मा वेळ मोकळाच आहे असं वाटतं आणि घसरण तिथून सुरू होते.

वेळापत्रकही दमछाक करणारं आहे. जुलैच्या अखेरीस किंवा त्याच्या आसपास सत्र सुरू होतं, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पहिली क्विझ, सातव्या-आठव्या आठवड्यात मिडसेम, म्हणजे सत्राच्या मध्यावरची परीक्षा. बऱ्याचदा याच दरम्यान गणपती येतात. घरी जाऊन परत आलेल्या मुलाची आठवडाभराची ट्युटोरियल पत्रकं साचलेली असतात. क्विझला दहा-वीस टक्के, मिडसेमला तीसच्या आसपास, उरलेलं सत्राअखेरच्या एंडसेमला, अशी साधारण वाटणी; नेमकी वाटणी प्रत्येक शिक्षक पहिल्याच तासाला सांगतात. तो तास ‘ओळखीचा’ म्हणून बुडवू नये. शिवाय उपस्थिती ८० टक्क्यांखाली गेली तर शिक्षक त्या विषयातून तुम्हाला बाद करू शकतात. मुलांच्या भाषेत ‘डीएक्स’ लागणं. ‘आयआयटीत हजेरी कोण बघतं’ हे सांगणारा सीनियर बहुतेक वेळा न बघणाऱ्या एका शिक्षकाच्या वर्गातला असतो.

पण हुशार मुलं अडखळतात त्याचं कारण नुसता आळस नाही. जेईई ही वेगाची आणि ओळखीच्या नमुन्यांची परीक्षा आहे. उत्तर बरोबर की चूक एवढंच तिला कळतं. इथे पहिल्याच सत्रात कलनशास्त्र एप्सिलॉन-डेल्टापासून, म्हणजे ‘लिमिट’च्या काटेकोर व्याख्येपासून सुरू होतं. ‘उत्तर शून्य येतं’ एवढं लिहून गुण मिळत नाहीत, ते का येतं हे पायरीपायरीनं सिद्ध करून लिहावं लागतं. हजारो प्रश्न सोडवलेल्या मुलानं तोपर्यंत एकही पूर्ण सिद्धता स्वतः लिहिलेली नसते. प्रोग्रामिंगचं तसंच. शाळेपासून कोड लिहिणारा आणि संगणकाला पहिल्यांदाच हात लावणारा शेजारी-शेजारी बसतात आणि दोघांना पेपर एकच.

त्यावर सापेक्ष गुणांकन, म्हणजे मुलांचं ‘आरजी’. इथे ९० ला एए (सर्वोच्च श्रेणी, म्हणजे १०) आणि ३५ ला पास अशी रेघ आखलेली नसते. वर्गाची सरासरी ४२ असेल तर ६० गुणांनाही उत्तम श्रेणी मिळते. सरासरी ७५ असेल तर ६० म्हणजे खालची बाजू. आयुष्यभर वर्गात पहिली आलेली मुलं एका सभागृहात आणून बसवली की त्यातली निम्मी मधल्या रेषेच्या खाली जाणारच. यात कुणाचा बुद्ध्यांक कमी झालेला नसतो. हे घरच्यांना आधीच सांगितलेलं नसतं आणि ‘सात पॉइंटर’ ऐकून फोनवर शांतता पसरते. दहापैकी सात हे दहावीच्या सत्तर टक्क्यांसारखं वाचू नका; बीबी म्हणजे ८ आणि बीसी म्हणजे ७ या इथल्या अगदी सर्वसाधारण, धडधाकट श्रेणी आहेत.

क्रेडिटचं वजन न समजल्यानं वेळ कसा चुकीच्या जागी खर्च होतो, तेही पाहा. समजा, एका सत्रात आठ क्रेडिटचे दोन विषय (दोन्हीत बीसी), सहाचे दोन (दोन्हीत बीबी) आणि तीन क्रेडिटची एक प्रयोगशाळा (एए) आहे. एकूण ३१ क्रेडिट, क्रेडिट गुणिले श्रेणी असे २३८ गुण, म्हणजे एसपीआय (त्या सत्राचा दहापैकी निर्देशांक) ७.६८. प्रयोगशाळेत एएवरून बीबीवर घसरलात तर निर्देशांक ०.१९ नं खाली येतो. आठ क्रेडिटच्या एका विषयात तशाच दोन पायऱ्या घसरलात तर ०.५२ नं. तरीही कित्येक मुलं शनिवार-रविवार प्रयोगवही सजवण्यात घालवतात, कारण ते काम डोळ्यांना दिसतं आणि संपतं. गणिताचं ट्युटोरियल संपत नाही.

उत्तरपत्रिका तपासून झाल्या की त्या दाखवण्यासाठी वेळ ठरवलेली असते. मुलं तिला ‘क्रिब सेशन’ म्हणतात. बेरजेतली चूक, न तपासलेलं पान हे तिथेच सापडतं. कमी गुण पडलेली मुलं लाजेनं तिथे जात नाहीत, आणि खरं तर त्यांनाच तिथे जाण्याची सर्वाधिक गरज असते. पहिल्या क्विझमध्ये आपटलेल्या मुलाचा पुढचा मार्ग आम्हाला इतका पाठ आहे की तो लिहिताना वाईट वाटतं: आधी ट्युटोरियल चुकवणं, मग व्याख्यान, मग मेसमध्ये उशिरा जाणं, मग घरचा फोन न उचलणं. या साखळीत पहिल्या कडीलाच हात घालता येतो. ट्युटोरियलला असणारे टीए (अध्यापनसाहाय्य करणारे विद्यार्थी) विचारलेल्या प्रश्नाची पातळी कुठे टिपून ठेवत नाहीत. नव्या मुलांसाठी सीनियर मेंटर नेमलेले असतात, प्रत्येकाला फॅकल्टी अ‍ॅडव्हायझर असतो, स्टुडंट वेलनेस सेंटरमध्ये समुपदेशक असतात. तिथे जाणं म्हणजे ‘केस’ होणं, ही समजूत घरातूनच येते. पालकांनी रोज गुण विचारण्यापेक्षा ‘या आठवड्यात ट्युटोरियलला गेलास का’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.

भाषेबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही. जेईई मेन ही पहिली परीक्षा मराठीतूनही देता येते. अ‍ॅडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत. आणि वर्गातली भाषा इंग्रजी. मराठी माध्यमातल्या मुलाला विषय कळत नाही असं नसतं. व्याख्यान ऐकत, फळ्यावरचं उतरवत, मनात भाषांतर करत तो दोन वाक्यं मागे राहतो. एका व्याख्यानात ही दोन वाक्यं खूप होतात. उपाय कंटाळवाणा असला तरी चालतो: दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाची पाच-सहा पानं आदल्या रात्री पाठ्यपुस्तकातून वाचायची, म्हणजे तासाला शब्द नवे राहत नाहीत. सहा-आठ आठवड्यांत कान तयार होतो. प्रवेश ठरल्यापासून सत्र सुरू होईपर्यंतच्या रिकाम्या दिवसांत हेच करावं. बारावीची पुस्तकं पुन्हा उघडण्यात काही हशील नाही.

‘आधी मिळेल ती शाखा घे, नंतर बदलून मिळते’ हा सल्ला तर आता धोकादायक झाला आहे. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलण्याची सोय काही आयआयटींनी अलीकडे बंद केली आहे. जिथे ती आहे तिथेही मोजक्याच मुलांना मिळते आणि त्यासाठी पहिलं वर्ष अख्खं टांगणीला लागतं. पसंतीक्रम भरताना ‘ही शाखा चार वर्षं शिकायची आहे’ असंच धरून चाला. दुसऱ्या विभागाची ओढ असेल तर मायनरचा, म्हणजे मुख्य शाखेबरोबरच्या छोट्या जोडअभ्यासक्रमाचा रस्ता आहे: साधारण ३० क्रेडिट, म्हणजे सहा-सहा क्रेडिटचे पाच विषय.

हॉस्टेल, मूड इंडिगो महोत्सव, रात्री दोनचा कँटीनमधला चहा, हे सगळं खरं आहे, त्यावर नव्यानं लिहायची गरज नाही. पवई तलावात मगर असते तीही दंतकथा नव्हे. क्लब आणि पदांच्या मागे लागणाऱ्यांना एवढंच सांगू की उन्हाळी इंटर्नशिपच्या निवडी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच होतात. तेव्हा हातात चारच सत्रांचे गुण असतात, आणि बऱ्याच कंपन्या सात किंवा आठ सीपीआयची (आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांच्या एकत्रित निर्देशांकाची) चाळणी लावतात. ‘शेवटच्या वर्षी सावरून घेऊ’ म्हणणाऱ्याच्या हातून ती गाडी वर्षभर आधीच सुटलेली असते.

आणि आता पॅकेज. इथे आमची तक्रार थेट आपल्या वृत्तपत्रसृष्टीशी आहे. २०२३-२४ मध्ये आयआयटी मुंबईत प्लेसमेंटसाठी २,४१४ जणांनी नोंदणी केली, १,९७९ प्रत्यक्ष सहभागी झाले, १,४७५ जणांना नोकरी मिळाली. सहभागी झालेल्यांवर हिशोब केला तर ७४.५ टक्के, नोंदणीवर केला तर ६१. दोन्ही आकडे खरे, छापताना कोणता छापला हे सांगायला हवं. उरलेले सगळे बेकार, असाही अर्थ काढू नये. उच्च शिक्षणाला जाणारे, स्वतःचं काही उभं करणारेही त्यात असतात. त्या वर्षीची सरासरी २३.५ लाख होती, मध्यक १७.९२ लाख. मध्यक म्हणजे रांगेतला मधला माणूस. कोटीच्या मोजक्या ऑफर सरासरीला वर ओढतात, मधला माणूस जागचा हलत नाही. घरच्यांनी अपेक्षा बांधायची तर त्याच्याकडे बघून.

शिवाय पॅकेज म्हणजे पगार नव्हे. समजा ४० लाखांचं पॅकेज आहे. त्यात मूळ पगार आणि भत्ते २२, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस ५, कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस ३, आणि शेअर १० लाखांचे असू शकतात. शेअर बहुधा चार वर्षांत हप्त्याहप्त्यानं हातात पडतात, मधेच नोकरी सोडली तर उरलेले जातात. जॉइनिंग बोनसही वर्षाच्या आत सोडल्यास अनेकदा परत करावा लागतो. दरमहा हातात येणारी रक्कम त्या २२ मधून, कर आणि भविष्यनिर्वाह निधी वजा जाऊन. परदेशातल्या ऑफरचं रुपयांत रूपांतर करताना तिथलं घरभाडं आणि कर कुणी छापत नाही. सर्वोच्च आकडा छापायचाच असेल तर शेजारी मध्यक, सहभागी संख्या आणि मूळ पगार या तीन ओळी द्याव्यात, ही विनंती.

बातम्यांत ‘आयआयटीचा विद्यार्थी’ म्हणजे बी.टेक.चा मुलगा, असं गृहीत धरलेलं असतं. पवईत निम्म्याहून अधिक विद्यार्थी पदव्युत्तर आणि पीएच.डी.चे आहेत. ‘गेट’ या प्रवेशपरीक्षेतून आलेल्या एम.टेक. विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये मिळतात आणि त्याबद्दल आठवड्याला आठ तास अध्यापनसाहाय्याचं काम करावं लागतं. पीएच.डी.ला पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,०००. या मुलांचं आयुष्य प्रयोगशाळा, मार्गदर्शक आणि वेळेवर न येणारी उपकरणं यांच्याभोवती फिरतं. त्यांच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

शेवटी पैसा आणि कागद, कारण ‘आपल्याला परवडणार नाही’ म्हणून चांगली मुलं अर्जच करत नाहीत. बी.टेक.ची शिक्षण फी वर्षाला २ लाख आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर कोणत्याही प्रवर्गात पूर्ण माफ, १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन-तृतीयांश माफ, म्हणजे भरायचे सुमारे ६६,७००. हॉस्टेल आणि मेसचा खर्च यापेक्षा वेगळा, तो धरून चालावा.

जागा हातची जाते ती बहुतेक वेळा दाखल्यांवर. ओबीसी-नॉनक्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) प्रमाणपत्रं केंद्र सरकारच्या नमुन्यात आणि प्रवेशाच्या वर्षातल्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर दिलेली लागतात. राज्याच्या नमुन्यातलं किंवा मार्चमधलं प्रमाणपत्र चालत नाही. जात केंद्राच्या यादीत आहे का हेही वेगळं तपासावं लागतं, आणि राज्याचं एसईबीसी (मराठा) आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. मे-जूनमध्ये तहसील कचेरीतली गर्दी वाढते. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सेतू केंद्रात अर्ज द्यावा, आणि पावती घेण्याआधी अर्जावर केंद्र सरकारचाच नमुना निवडला आहे ना, हे स्वतः वाचून पाहावं.

आपले,
आयआयटी मुंबईचे काही माजी विद्यार्थी आणि शिक्षक